मलावीतल्या एका गावासाठी ४,००० डॉलर जमलेत, हापसा बसवावा की दुसरं काही? आणि एवढं राबून गरिबी हटत का नाही?

लिंबेकर
नमस्कार मंडळी. मी मूळचा उदगीरचा, तीन वर्षं झाली मलावीत लिंबेला राहतो, ब्लँटायरला चिकटूनच आहे, तिथल्या एका डाळ मिलमध्ये हिशोबाचं काम बघतो. पोस्ट मोठी होणार आहे पण पूर्ण वाचा, आणि ज्यांनी आफ्रिकेत गावात राहून काम केलंय त्यांनी प्लीज लिहाच.

मिलमधल्या एका हमालाची सासू आजारी होती म्हणून जानेवारीत त्याला पिकअपमधनं गावी सोडायला गेलो, फालोम्बे जिल्ह्यात, मुलांजेच्या मोठ्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. त्याचं गाव म्हणजे खरं तर बायकोचं गाव, इकडे दक्षिणेत बऱ्याच लोकांत नवराच बायकोच्या गावी नांदायला जातो आणि जमीन आईकडून मुलीकडे येते. जानेवारी म्हणजे इकडे ऐन पावसाळा, सगळा मुलूख हिरवागार, मका कंबरेला लागलेला, आपल्याकडचा कोणी बघेल तर म्हणेल काय सोन्यासारखा भाग आहे. आणि त्या हिरव्या रानाच्या मधोमध लोक दिवसातनं एकदा जेवत होते. एका घरी चुलीवर पातेलं होतं, मला वाटलं भाजी असेल, बघतो तर कच्चे आंबे उकडायला ठेवलेले, लेकरांचं दुपारचं जेवण तेच.

त्याची मेहुणी पाठीशी चितेंजेत, म्हणजे इकडच्या बायका गुंडाळतात त्या कापडात, पोर बांधून शेतात कुदळी मारत होती, सकाळी सहापासून. मी विचारलं तुझं शेत का, तर नाही, दुसऱ्याचं. ह्याला इकडे गान्यू म्हणतात, म्हणजे रोजंदारी, आणि मोबदला काय तर एक छोटं पातेलं मका. तिचं स्वतःचं शेत रस्त्याच्या ह्या बाजूला होतं आणि त्यात गवत मक्याच्या वर गेलेलं. मी म्हटलं अगं आधी स्वतःचं तण काढ ना. ती जे बोलली ते हमालाने मला सांगितलं, की माझं शेत मे महिन्यात खायला देईल, लेकरू आज मागतंय. त्यावर मी काही बोललो नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच.

परत आल्यावर आम्ही इथली सात मराठी घरं बसलो, गणपतीच्या वर्गणीतले उरलेले आणि प्रत्येकाने वर घातलेले असे ४,००० डॉलर जमलेत. बहुतेकांचं म्हणणं हापसा बसवून देऊ, डोळ्यासमोर दिसतं, पाटी लावता येते. पण मला सारखं ते गवत दिसतंय. गाव ३८ घरांचं आहे. काय करावं? आणि मुळात हे असं का आहे, माणसं आळशी नाहीत हे तर मी रोज बघतो.

मातीतला_माणूस
राहुरीचा कृषी पदवीधर, झांबिया आणि मलावी मिळून अकरा वर्षं काढलीत. तुम्ही जे एका सकाळी बघितलंत ना, तोच सगळ्याचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मलावीत पाऊस एकच, नोव्हेंबर ते एप्रिल. पीक निघतं एप्रिल-मेमध्ये. शेतकऱ्याकडे सरासरी जमीन एक हेक्टरच्याही आत, त्यात मुख्य पीक मका, कारण जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, तो नसेल तर माणूस म्हणतो मी जेवलोच नाही. आता मेमध्ये मका घरात आला. पण त्याच वेळी उसनवारी फेडायची असते, पोराची फी, आजारपण, कपडा. सगळं गाव एकाच वेळी मका विकतं म्हणून भाव तळाला. व्यापारी सायकलवर येतो, दारातच पोतं उचलतो. मग डिसेंबर उजाडला की तोच मका विकत घ्यायचा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत भाव मेच्या दुप्पट, वाईट वर्षी त्याच्याही वर. पैसे नाहीत म्हणून गान्यू. आणि गान्यू नेमकं त्याच आठवड्यांत करावं लागतं जेव्हा स्वतःच्या शेतातलं तण काढायचं असतं. मक्याची पहिली खुरपणी तीन आठवडे पुढे गेली की पीक पडलंच समजा, खत घातलेलं असलं तरी ते गवतच खातं. मग पुढच्या मेमध्ये मका आणखी कमी, पुढची भूक डिसेंबरच्या ऐवजी नोव्हेंबरातच सुरू. ह्या चक्रात आळस कुठेच नाही, उलट सगळ्यात जास्त कष्ट त्याच महिन्यांत होतात आणि त्याच महिन्यांत पोट रिकामं असतं, वर मलेरियाचे दिवस पण तेच.

सरकारने काही केलं नाही असंही नाही. २००१-०२ ला फार वाईट दुष्काळ पडला, राखीव साठ्यातला मका आधीच विकून टाकलेला होता, लोक मेले. त्यानंतर २००५-०६ पासून बिंगू वा मुथारिका यांच्या सरकारने खत-बियाण्याची कूपनं वाटायला सुरुवात केली, ५० किलोच्या दोन गोण्या खत आणि सुधारित बियाणं. पाऊसही चांगला झाला, २००७ ला तर मलावीने झिम्बाब्वेला मका विकला, सगळं जग बघायला आलं. पण शेती खात्याचा निम्म्याहून जास्त पैसा एकट्या खतात जायला लागला, रस्ते, विस्तारसेवा, छोटं सिंचन ह्याला काही उरेना, आणि खत सगळं बाहेरून येणार. देशाला समुद्र नाही, शेजारच्या देशांतल्या नाकाला, बैरा नाहीतर दार-एस-सलाम ह्या बंदरांतनं ट्रकने किंवा रेल्वेने आणायचं, त्यात डॉलर चढला की संपलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉलर १,१८० क्वाचावरून (क्वाचा म्हणजे मलावीचं चलन) थेट १,७०० वर नेला, तोही ऐन पेरणीच्या तोंडावर, म्हणजे खताची गोणी घेणाऱ्याचं काय झालं असेल विचार करा. आणि देशाची डॉलरची कमाई मुख्यतः तंबाखूवर. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळ येऊन गेलेलं, मेलेले आणि बेपत्ता धरून हजाराच्या वर माणसं गेली, तुमचं फालोम्बे तर त्यात फार होरपळलं.

आता एक छोटी गोष्ट सांगतो जी मला कळायला चार वर्षं लागली. त्यांच्याकडे अंगणात बांबूची विणलेली गोल कणगी असते, न्खोक्वे म्हणतात, हुबेहूब आपल्या आजीच्या घरची. जुना गावठी मका कणसासकट त्यात वर्षभर राहायचा, दाणा टणक, वरचं टरफल घट्ट. कूपनवाला संकरित मका उत्पन्न जास्त देतो पण दाणा मऊ, दोन महिन्यांत सोंडे पोखरतात, वर अमेरिकेकडून आलेला तो मोठा धान्य-भुंगा. मी एका घरी ऑगस्टमध्ये कणगीत हात घातला तर मुठीत दाणे कमी आणि पीठच जास्त आलं. म्हणजे शेतकरी मेमध्ये मका विकतो तो फक्त पैशासाठी नाही, ठेवला तर किडे खातील म्हणूनही. तीन पदरी हवाबंद पिशव्या मिळतात, आत प्लास्टिकचे दोन थर आणि बाहेरून विणलेलं पोतं, तोंड पिळून बांधलं की आतले किडे हवेवाचून मरतात, औषध लागत नाही. एका घराला चार-पाच पिशव्या पुरतात, दोन-तीन वर्षं चालतात. तुमच्या पैशातला थोडा भाग ह्यात घाला असं मी म्हणेन, पण मेच्या आधी पोचल्या पाहिजेत, जूनमध्ये वाटून उपयोग नाही.

स्पष्ट_बोलतो
राग मानू नका पण मला वाटतं आपण मूळ कारण टाळतोय. एकेका घरात सात-आठ मुलं असतील तर कितीही पैसे ओता. माझा भाचा टांझानियात आहे तो पण हेच म्हणतो. आधी लोकसंख्या आटोक्यात आणा, मग मदत. फुकट दिलं की माणूस हात पसरायला शिकतो, हे आपल्याकडे पण बघितलंय.

अनघा_क
स्पष्ट_बोलतो दादा, राग नाही मानत, पण आकडे बघून बोलूया. मी मलावीतल्या झोम्बा जिल्ह्यात चार वर्षं आरोग्याच्या कामात होते. १९९२ च्या सर्वेक्षणात मलावीत एका बाईमागे सरासरी ६.७ मुलं होती, २०१५-१६ मध्ये ४.४. आणि हे कसं झालं तर मुलं जगायला लागली म्हणून. १९९२ ला हजार मुलांतली २३४ पाच वर्षांची व्हायच्या आधी जायची, २०१५-१६ ला ६३. चौथ्या हिश्श्यावर आलं! एवढ्या गरीब देशाने हे करून दाखवलं ते आपल्या आशाताईंसारख्या गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या जोरावर, त्यांना तिथे एचएसए म्हणतात, सायकलवर लसींचा डबा बांधून पावसात चिखलातनं जातात. ज्या आईला खात्री नसते की चारातली दोन तरी राहतील तिला तुम्ही कुटुंबनियोजनाचं काय सांगणार. माझ्यासमोर एक आजी बसलेली, अकरा बाळंतपणं, चार हयात, आणि तिची सून दोनावर थांबलेली, इंजेक्शन घ्यायला स्वतःहून चालत आलेली. एकाच घरातल्या दोन पिढ्या. म्हणून "आधी लोकसंख्या मग मदत" हा क्रमच उलटा आहे.

फुकटचं म्हणाल तर त्याच्यावरही बरंच काम झालंय. मलावी सरकारची मतुकुला पाखोमो नावाची योजना आहे, २००६ ला म्चिंजी जिल्ह्यात सुरू झाली, सगळ्यात गरीब आणि ज्यांच्या घरात कमावतं माणूसच नाही अशांना थेट पैसे, म्हणजे नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या, अपंग वगैरे. अशा घरांनी पैसे दारूत घातले नाहीत, आधी मका घेतला, मग कोंबड्या-शेळ्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गान्यूला जाणं कमी केलं, स्वतःच्या शेतात वेळ दिला. लिंबेकर, तुमच्या हमालाच्या मेहुणीचं नेमकं हेच दुखणं आहे. आणि केनियात सियाया भागात साडेदहा हजार घरांना साधारण हजार-हजार डॉलर दिले गेले, संशोधकांनी पाहिलं तर एका डॉलरमागे त्या भागात अडीच डॉलरची उलाढाल झाली, ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्यांचीही कमाई वाढली, आणि भाव जवळजवळ चढलेच नाहीत. कारण पैसा तिथल्याच शिंप्याकडे, सुताराकडे, टपरीवाल्याकडे फिरतो.

फक्त एक सांगते, अनुभवाने. गावातली काही घरं निवडू नका. ३८ आहेत ना, तर ३८ ला द्या. मलावीच्या योजनेत प्रत्येक भागातली साधारण १० टक्केच घरं घेतात, आणि बाकीच्यांना कळत नाही की शेजारणीला का मिळालं आणि मला का नाही, कारण त्यांच्या डोळ्यांना दोघी सारख्याच गरीब. मी एका गावात बघितलं की यादीतली बाई मिळालेला मका लपूनछपून दळायला जायची. गरिबाला गरिबापासून लपायला लागणं, ते मला अजून बोचतं.

सोलापुरी_फिटर
हापश्याचं नाव निघालं म्हणून लिहितोय, एरवी मी फक्त वाचतो. सोलापूरला माझ्या वडिलांचं वर्कशॉप होतं, मी स्वतः युगांडात सहा वर्षं बोअर आणि पंपाचं काम केलं. बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून सांगतो, आफ्रिकेत लाखो लोक ज्या हापश्याचं पाणी पितात त्याचं मूळ आपल्या मातीत आहे. जालन्याला मिशनच्या लोकांनी बनवलेला पंप, मग सोलापूरला सुधारून झालेला सोलापूर पंप, आणि त्याच्यावरनं युनिसेफने १९७० च्या दशकाच्या शेवटी इंडिया मार्क टू काढला. युगांडात तोच यू-टू म्हणून चालतोय. दांड्याला साखळी लावायची युक्ती, दांडा कसाही हाणला तरी रॉड सरळच उचलतो, ही त्यातली खरी अक्कल. तिकडे एका खेड्यात साखळीला ग्रीस लावताना मला घरची आठवण आली होती खरंच.

पण मलावीत तो कमी दिसेल, तिथं ॲफ्रिदेव्ह जास्त. त्याची सुरुवातच मलावीत झाली, १९८० च्या दशकात, आधी माल्देव्ह म्हणायचे. इंडिया मार्क टूचे लोखंडी पाइप वर ओढायला तिपाई आणि सहा माणसं लागतात, म्हणून बिघडला की बाहेरचा मेकॅनिक येईपर्यंत बंद. ॲफ्रिदेव्ह मुद्दाम असा केला की गावातल्या बायकांना एकाच पान्याने उघडता यावा, पाइप प्लास्टिकचे आणि ते तसेच आत राहतात, फक्त रॉड हाताने एकेक सोडवत वर काढायचे, खालचे झडपेचे छोटे भाग, यू-सील आणि बॉबिन, बदलायचे, परत सोडायचं. दोन तासाचं काम. एवढं सोपं असून पण आफ्रिकेत दर तीन-चारातला एक हापसा कुठल्याही दिवशी बंद असतो. का? तर पार्ट मिळत नाही. सील हातभर पण नाही, चार बोटांचं रबर आहे, पण ते ६० किलोमीटरवरच्या दुकानात, आणि समितीच्या डब्यात पैसे नाहीत कारण पहिली दोन वर्षं पंप बिघडलाच नाही म्हणून कोणी वर्गणी दिली नाही. देणारा येतो, पाटी लावतो, फोटो काढतो, जातो. नंतर दुसरा येतो, तो बंद हापश्यापासनं शंभर पावलावर दुसरा बोअर मारतो. एकाच आंब्याखाली तीन बंद हापसे मी स्वतः मोजलेत, तिन्हीवर तीन वेगवेगळ्या संस्थांच्या पाट्या.

म्हणून भाऊ, आधी जाऊन विचारा की तुमच्या गावात आधीचा हापसा आहे का आणि तो चालतो का. नवीन बोअरला तुमचे सगळे पैसे जातील, तरी पुरतील का सांगता येत नाही. जुना दुरुस्त करायला त्याचा अगदी छोटा हिस्सा लागेल.

शेतकरी_औसा
मी ह्या धाग्यावर वेगळ्या कारणाने आलो. लिंबेकर तुम्ही डाळ मिलमध्ये आहात म्हणजे तूर इकडे पाठवता. सात एकरवाला माणूस आहे मी, खरं सांगतो, मलावी मोझांबिकची तूर बंदराला लागली अशी बातमी आली की आमच्या आडतीत दुसऱ्या दिवशी भाव उतरतो. आमचा माल निघतो डिसेंबर-जानेवारीत आणि तुमचा त्याच्या आधी येऊन बसलेला. २०१५ ला डाळ २०० रुपये किलो झाली, सगळ्यांनी २०१६ ला तूर लावली, पाऊस पण झाला, रान नुसतं पिवळं. मग हमीभाव ५,०५० आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली. खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर लावून नऊ रात्री झोपलोय मी, बारदाना नाही म्हणून काटा बंद. धाकट्या भावाचं लग्न त्या वर्षी पुढं ढकललं. म्हणून आफ्रिकेतल्या गरिबीचं वाचताना आधी मला तेच आठवलं. त्यांना मदत करा पण आमच्या डोक्यावर नको.

लिंबेकर
औसेकर काका, तुम्ही लिहिलंत ते बरं केलं, कारण हे मला रोज दिसतं आणि त्यावर कोणी बोलत नाही. इकडे तुरीला नांदोलो म्हणतात. मक्याच्या दोन ओळींत टोकतात, मका निघाल्यावर ती उभीच राहते आणि जुलै ते सप्टेंबर तोडणी होते. फालोम्बे, चिराद्झुलू ह्या भागात बाईच्या हातात वर्षातनं एकदा रोख पैसा येतो तो ह्याच नांदोलोचा. आणि घेणारा मुख्य गिऱ्हाईक आपणच, भारत. तुमच्याकडे भाव पडला म्हणून ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीने आयातीवर कोटा घातला ना, तेव्हा इकडची तूर नेमकी तोडून दारात पडलेली. मिलमधले जुने लोक सांगतात की बायका डोक्यावर गाठोडं घेऊन यायच्या आणि घेणारच कोणी नाही म्हणून परत न्यायच्या, मोझांबिकमध्ये तर त्याहून वाईट. भारतातनं जास्त पेरा असा निरोप आला म्हणून पेरलेली तूर. म्हणजे तुम्ही नऊ रात्री ट्रॅक्टरवर झोपलात ते २०१७ आणि ह्या बायका गाठोडं परत घेऊन गेल्या ते पण २०१७.

२०२१ ला दोन्ही सरकारांचा करार झाला, मलावीतनं वर्षाला ५०,००० टन, मोझांबिकशी त्याआधी २०१६ ला दोन लाख टनांपर्यंत वाढत जाणारा. आकडा ठरलेला असला की निदान पेरताना माणसाला कळतं.

शेतकरी_औसा
हे माहीत नव्हतं. माझं म्हणणं मी बदलत नाही, खुली आयात नको ती नकोच. पण ठरलेला आकडा, तो पण मृग लागायच्या आधी सांगितलेला, आणि मध्येच बदलायचा नाही, ह्याला माझी ना नाही. तो आम्हाला पण पाहिजे आणि त्या बायांना पण. ते गाठोडं परत न्यायचं मला समजतं. मी दोन पोती परत आणली होती.

सुनीता_बचतगट
सगळ्यांचं वाचलं. मी लातूर जिल्ह्यात वीस वर्षं बचत गटांचं काम केलं आणि मधली चार वर्षं मिस्टरांच्या नोकरीमुळे मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेला होते, घरात बसवेना म्हणून जवळच्या गावांतल्या गटांत जाऊन बसायचे. लिंबेकर दादा, तुमच्या गावात नक्की एखादा बँक म्खोंडे असेल. खोंडे म्हणजे ओटा, ओट्यावरची बँक. ही पद्धत १९९१ ला नायजर देशात सुरू झाली आणि तिथून सगळ्या आफ्रिकेत गेली. आपल्यासारखं बँकेशी जोडणी, कागद, शिक्के काही नाही. पंधरा-पंचवीस बायका, एक पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या घरांत. दर आठवड्याला बैठक, सगळ्यांसमोर पैसे मोजायचे, आणि वर्षाच्या शेवटी सगळी पेटी रिकामी करून ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे व्याजासकट वाटून टाकायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला धसका बसला की अहो एवढं जमवलेलं वाटून काय टाकता! एका म्हातारीने समजावलं, की वाटलं म्हणजे दिसतं सगळ्यांना की कोणी खाल्लं नाही, आणि खताला पैसे नेमके तेव्हाच लागतात. मला तिथेच पटलं. कर्जावर महिन्याला १० टक्के, कुठे २० पण घेतात, ऐकायला भयंकर वाटतं, पण ते व्याज परत त्याच बायकांच्या वाट्याला येतं, सावकाराकडे जात नाही. अर्थात ज्या बाईला सारखं कर्ज लागतं तिला ते जडच जातं, हे पण खरं.

एक हात जोडून विनंती. तुमचे डॉलर त्या पेटीत टाकू नका. बाहेरचा पैसा पेटीत आला की तो फेडायची कोणाला लाज वाटत नाही, साहेबाचा आहे म्हणतात, आणि मग स्वतःचा पण फेडेनासे होतात. इकडे पण असे किती गट मोडलेले बघितलेत मी. द्यायचं तर घरात द्या, बाईच्या हातात द्या, तीच त्यातला थोडा पेटीत घालेल, आणि तो तिचा असेल.

लिंबेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मागच्या रविवारी परत जाऊन आलो, ह्यावेळी घाई न करता दिवसभर थांबलो. आधी मफुमुंना म्हणजे गावच्या मुखियांना भेटलो, ह्या गावात मुखिया बाईच आहे, साठीच्या असतील.

फिटर भाऊ, तुमचं तंतोतंत. हापसा आहे. चर्चच्या मागे, आंब्याखालीच, ॲफ्रिदेव्ह, दांडा कोणीतरी काढून घरात जपून ठेवलाय, फ्रेडीच्या पुराच्या नंतर काही महिन्यांनी बंद पडला तो पडलाच. बायका ओढ्याचं पाणी आणतात. समिती आहे, वही पण आहे, वहीत शेवटची वर्गणी लिहिलेली तारीख पण आहे. पार्टचं दुकान कुठे आहे कोणाला माहीत नव्हतं. मी सोमवारी लिंबेच्या बाजारात विचारलं तर तिसऱ्या दुकानात बॉबिन आणि सील दोन्ही मिळालं, माझ्या टेबलावर आहे आत्ता. आमच्याच गोदामापासून चालत दहा मिनिटं, आणि आम्ही नवीन बोअर मारायला निघालो होतो.

बँक म्खोंडे पण आहे, २२ बायका, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाटप. सुनीताताई, पेटीत हात घालणार नाही, शब्द.

आमच्या सात घरांत परत बैठक झाली, थोडी वादावादी पण झाली, एक-दोघांना पाटी हवी होती. शेवटी ठरलं ते असं की हापसा दुरुस्त करायचा आणि दोन वर्षांचे सील-बॉबिन समितीकडे देऊन ठेवायचे, वर गावातल्या दोन बायकांना उघडायला-बसवायला शिकवायचं. मेच्या आधी प्रत्येक घराला चार हवाबंद पिशव्या. उरलेले पैसे ३८ घरांत सारखे, दोन हप्त्यांत, पहिला नोव्हेंबरात खत-बियाण्याच्या वेळी आणि दुसरा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, खुरपणीच्या वेळी. एअरटेल मनी नाहीतर म्पाम्बावर पाठवू, ज्यांच्याकडे फोन नाही अशा नऊ घरांना हमाल आणि मुखियाबाईंच्या समोर हातात. एका घराला दोन्ही मिळून ९० डॉलरच्या आसपास बसतील. फार नाहीत हे कळतंय. अनघाताई, मी मेहुणीला विचारलं की जानेवारीत हातात एवढे आले तर काय करशील, तर ती लगेच म्हणाली दोन पोती मका, आणि मग तीन आठवडे कोणाच्याच शेतात जाणार नाही. तीन आठवडे हा आकडा तिने स्वतः सांगितला, मी नाही.

स्पष्ट_बोलतो, तुमच्यासाठी खास सांगतो, तिला तीन मुलं आहेत.

फिटर भाऊ, आता एकच विचारायचंय. पुढच्या शनिवारी हापसा उघडतोय. पुरात गाळ आत गेला असेल तर नुसतं सील बदलून चालेल का? कसं ओळखायचं?

सोलापुरी_फिटर
नुसतं सील बदलू नका. रॉड सगळे बाहेर काढले की ते ओळीने जमिनीवर मांडून मोजा, वाकलेला असेल तो वेगळा ठेवा. मग नायलॉनच्या दोरीला बोटाएवढा लोखंडी तुकडा बांधून पाइपात सोडा, दगड नको, अडकतो. पाण्याला लागल्याचा आवाज येईल तिथे गाठ मारा, मग खाली टेकेपर्यंत सोडा आणि तिथे दुसरी गाठ. बोअर किती खोल मारलेला हे समितीच्या वहीत किंवा पाटीवर लिहिलेलं असतंय बऱ्याचदा. तुकडा टेकताना टणक वाजला तर ठीक, तो तळाचा झडपेचा भाग आहे. मऊ बसला आणि वर येताना चिखल घेऊन आला तर आत गाळ आहे, मग पाइप पण काढावे लागतील आणि कॉम्प्रेसरने बोअर धुवावा लागेल, त्याचा खर्च वेगळा धरा. दोन्ही गाठींचं माप आणि रॉडचा फोटो इथे टाका, मी शनिवारी दिवसभर फोनवर आहे. आणि पाना २४ नंबरचा न्यायला विसरू नका.